झाकोळली नव्हे, थांबवली

गेल्या महिन्यात बेळगावात एका वाचनालयाच्या सभागृहात मोत्झार्टच्या बहिणीवरचा फ्रेंच चित्रपट दाखवला गेला. चित्रपट २०१० सालचा, त्यातला काळ अठराव्या शतकातला, आणि पाहायला जमलेली माणसं शहापूर, टिळकवाडी, अनगोळ, वडगावची. बाहेर पाऊस लागला होता म्हणून असेल, पण चित्रपट संपल्यावर कुणी उठलं नाही. चर्चा लांबली, आणि पुढचे पंधरा दिवस ती चहाच्या टेबलावर, बसमध्ये, एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा माझ्या कानावर येत राहिली. एका बाजूचं म्हणणं असं, की ही बहीण, नानेर्ल, भावापेक्षा मोठी कलावंत होती. त्याने आणि बापाने मिळून तिचं श्रेय लाटलं. त्याच्या नावावरच्या किती रचना खरं तर तिच्या असतील कोण जाणे. दुसरी बाजू म्हणते, पुरावा दाखवा. तिची एकही रचना शिल्लक नाही, मग ती मोठी होती हे ठरवायचं कशावरून? आजचे विचार अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका मुलीच्या तोंडी घातले आणि टाळ्या घेतल्या, याला इतिहास म्हणायचं का?

दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या आणि दोघींनी एकच प्रश्न मनाशी पक्का धरला होता: ती त्याच्या तोडीची होती का? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. तिच्यावर अन्याय झाला की नाही, हे तिच्या प्रतिभेच्या मापावर मुळीच ठरत नाही. त्यात आपण सगळे एक शब्द वापरत होतो, ‘झाकोळली’. भावाच्या तेजापुढे झाकोळली. या शब्दाने घोटाळा होतो. मोठ्या झाडाची सावली लहान झाडावर पडते, तिथे दोष कुणालाच देता येत नाही. थांबवणं ही वेगळी गोष्ट आहे. ते कुणीतरी करतं, विचार करून करतं, आणि त्याला तारीख असते. नानेर्लच्या बाबतीत ती तारीख आपल्याला माहीतही आहे: १३ डिसेंबर १७६९.

त्या तारखेपर्यंतची हकिगत थोडक्यात सांगायला हवी, कारण चर्चेत ती कुणी नीट मांडलीच नाही. मारिया आना मोत्झार्ट, घरचं नाव नानेर्ल, ३० जुलै १७५१ रोजी साल्झबुर्गमध्ये जन्मली. वोल्फगांग तिच्याहून साडेचार वर्षांनी धाकटा. ती आठ वर्षांची असताना वडिलांनी, लेओपोल्डने, तिच्या शिकवणीसाठी एक वही सुरू केली. त्यात सोप्यापासून अवघडापर्यंत वाजवायच्या रचना उतरवलेल्या होत्या. पुढे धाकट्यानेही पहिले धडे गिरवले ते बहिणीच्या या वहीवरच. जून १७६३ मध्ये सगळं घर बग्गीत बसून निघालं ते साडेतीन वर्षांनी परत आलं. म्युनिक, पॅरिस, लंडन, हेग. दोघं भावंडं राजेरजवाड्यांपुढे वाजवत होती. लंडनहून धाडलेल्या पत्रात बाप अभिमानाने लिहितो की पोर अवघी बारा वर्षांची आहे, पण युरोपातल्या अत्यंत निष्णात वादकांत तिची गणना होते. हेगला ती इतकी आजारी पडली की मरणापूर्वीचा धर्मविधीसुद्धा उरकून घेतला होता. त्यातूनही ती उठली आणि पुन्हा वाजवायला बसली. मग तो डिसेंबर आला. लेओपोल्ड मुलाला घेऊन इटलीला निघाला, आणि अठरा वर्षांची नानेर्ल आईजवळ घरी राहिली. इटलीच्या तिन्ही दौऱ्यांत ती नव्हती. १७७७ मध्ये वोल्फगांग पॅरिसच्या दिशेने निघाला तेव्हा त्याच्याबरोबर आई गेली. बापाचं घर सांभाळायला नानेर्ल मागे. १७८४ मध्ये तिचं लग्न झालं, दोनदा विधुर झालेल्या, पाच मुलांच्या बापाशी, सांक्ट गिल्गेन नावाच्या तळ्याकाठच्या गावी. स्वतःची तीन मुलं झाली. १८०१ मध्ये नवरा गेल्यावर ती साल्झबुर्गला परतली, पियानोच्या शिकवण्या घेतल्या, शेवटी शेवटी दृष्टी गेली, आणि १८२९ मध्ये ती वारली. भाऊ जाऊन तेव्हा अडतीस वर्षं होत आली होती.

आता चित्रपटावरचे आक्षेप. त्यातले बरेचसे मला मान्य आहेत. फ्रान्सच्या युवराजाशी तिचं जे प्रेमप्रकरण पडद्यावर रंगवलं आहे त्याला इतिहासात काहीही आधार नाही. तिची मैत्रीण म्हणून दाखवलेली राजकन्या लुईज प्रत्यक्षात नानेर्लपेक्षा चौदा वर्षांनी मोठी, म्हणजे मोत्झार्ट कुटुंब पॅरिसला पोचलं तेव्हा सव्वीस वर्षांची बाई होती. पडद्यावर ती अल्लड पोर आहे. आणि नानेर्लचं म्हणून जे संगीत चित्रपटात वाजतं ते या चित्रपटासाठी आजच्या एका स्त्री संगीतकाराने रचलेलं आहे. सभागृहाच्या पायऱ्या उतरताना दोन बायका त्या सुरावटीबद्दल ‘काय सुंदर रचलं होतं तिने’ असं बोलत होत्या. मला वाईट वाटलं. त्यांना टोकलं नाही, पण ज्यांनी त्याच गोष्टीवरून दिग्दर्शकाला धारेवर धरलं त्यांच्याशी मी भांडणार नाही. उलट एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की त्या प्रेमकथेने तिचं नुकसानच केलं. बाईचं दुःख सांगायचं तर त्यात एक पुरुष हवा, विरह हवा, तरच प्रेक्षकाचं मन द्रवेल, हा समज तिथे पुन्हा एकदा मान्य केला गेला. डिसेंबरातल्या सकाळी बग्गी निघून जाते आणि एक वादक मुलगी दारात उभी राहते, एवढंच दाखवलं असतं तरी पुरेसं होतं.

पण चित्रपटाची चूक ती चित्रपटाची. तिच्यावरून मूळ प्रकरणच खोटं ठरवता येत नाही. ‘पुरावा दाखवा’ म्हणणाऱ्यांना माझं विचारणं आहे: पुरावा जमतो कसा, याचा विचार तुम्ही केलात का? वोल्फगांगने लहानपणी गिरवलेला चिटोरा न् चिटोरा बापाने राखला, त्यावर तारखा घातल्या. नानेर्लने काही रचलं होतं का? होतं. ७ जुलै १७७० रोजी रोमहून चौदा वर्षांचा भाऊ तिला लिहितो की तू इतकं छान रचतेस याचं मला आश्चर्य वाटलं, गाणं सुंदर आहे, आणि अधूनमधून असं काही करत जा. म्हणजे तिने गाणं रचलं, भावाला पाठवलं, त्याने नावाजलं. नावाजणारं पत्र उरलं, गाणं उरलं नाही. आणि पत्र तरी उरलं कुणामुळे? बापाने जपलेला घरचा पत्रव्यवहार त्याच्यामागे तिनेच सांभाळला. भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या बालपणाची पहिली हकिगत चरित्रकारांना मिळाली ती तिच्या आठवणींतून. वोल्फगांगच्या विधवेचा दुसरा नवरा निस्सेन याने जे मोठं चरित्र लिहिलं, १८२८ मध्ये छापून आलेलं, त्यासाठी पत्रांची पुडकी याच बहिणीने काढून दिली. जिने दुसऱ्याचा सगळा पुरावा जिवापाड जपला तिच्यापुढे उभं राहून ‘तुझा पुरावा कुठाय?’ असं विचारताना आपल्याला काहीच का वाटत नाही?

आपल्याकडेही हे आहेच. गंगूबाई हनगलांच्या आई अंबाबाई धारवाडच्या, कर्नाटक पद्धतीचं गाणाऱ्या. अब्दुल करीम खाँसाहेब त्यांचं गाणं ऐकायला आवर्जून थांबत. मुलगी हिंदुस्थानी शिकू लागली तेव्हा आपल्या गाण्याचा तिच्या गळ्यावर परिणाम नको म्हणून अंबाबाईंनी आपलं गाणं बाजूला ठेवलं. त्यांचं गाणं तुम्ही आम्ही ऐकलेलं नाही, तरी त्या गात होत्या याबद्दल कुणाला शंका नाही, कारण मुलीने ते आयुष्यभर सांगितलं. मैहरच्या अन्नपूर्णादेवींचं तसंच. अलाउद्दीन खाँसाहेबांची ही मुलगी, अली अकबर खाँची बहीण. थोरल्या मुलीला सासरी गाण्यापायी त्रास झाला म्हणून बाबांनी हिला शिकवायचंच नाही असं ठरवलं होतं. भावाचा रियाज ऐकून ती त्याची चूक दुरुस्त करताना सापडली आणि तिथून तिची तालीम सुरू झाली, अशी हकिगत सांगतात. पुढे त्यांनी जाहीर वाजवणं सोडलं. ध्वनिमुद्रणं मोजकीच उरली. पण निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया ज्यांच्यापुढे शिकायला बसले त्यांच्या कलेचा पुरावा कुणी मागत नाही. शिष्यांची साक्ष आपण तिथे मानतो. मग नानेर्लच्या बाबतीत सख्ख्या भावाची साक्ष का चालू नये?

‘काळच तसा होता’ हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. आजच्या फूटपट्टीने काल मोजू नये, हे मलाही पटतं. अठराव्या शतकातल्या साल्झबुर्गच्या बापाने मुलीला काय करिअर द्यायचं? दरबारात गायिका सोडल्या तर संगीतकाराची नोकरी बाईला सहसा मिळत नव्हती, चर्चमध्ये वाद्यवृंदाची सूत्रं मिळत नव्हती. हे खरं आहे. पण ‘काळ’ म्हणजे काही सगळ्या घरांवर सारखाच पडणारा पाऊस नव्हे. त्याच काळात व्हिएन्नात मारियाना मार्टिनेस रचना करत होती. बोलोन्याच्या ज्या अकादमीने १७७० मध्ये वोल्फगांगला सदस्य करून घेतलं, त्याच अकादमीने १७७३ मध्ये तिलाही घेतलं. मारिया टेरेसिया फॉन पाराडिस तर लहानपणीच दृष्टी गेलेली. ती १७८३ मध्ये आईला सोबत घेऊन पॅरिस-लंडनच्या दौऱ्यावर निघाली, आणि वाटेत साल्झबुर्गला थांबून मोत्झार्ट कुटुंबाला भेटून गेली. नानेर्ल तेव्हा बत्तीस वर्षांची, घरीच होती. पुढच्या वर्षी, १७८४ च्या वसंतात, वोल्फगांगने रेजिना स्ट्रिनासाक्की या व्हायोलिनवादक मुलीसाठी सोनाटा रचला आणि तिच्याबरोबर व्हिएन्नात वाजवला. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये त्याची बहीण सांक्ट गिल्गेनला सासरी गेली. काळ एकच, शहरंही जवळजवळ तीच. कुणी म्हणेल, मार्टिनेसला पैसा होता, पाराडिसला महाराणीचं मानधन होतं, स्ट्रिनासाक्कीला व्हेनिसच्या संस्थेतलं शिक्षण होतं. अगदी बरोबर. जिथे आधार मिळाला तिथे त्या काळातही जमलं. मग नानेर्लचा आधार कुणी आणि का काढून घेतला, हे विचारायलाच हवं, आणि ‘काळ’ या उत्तराने ते विचारणं बंद करता येत नाही.

का, याचं उत्तर सोपं आहे, आणि त्यासाठी कुणाला खलनायक करावं लागत नाही. इथे मी पहिल्या बाजूच्या लोकांना दुखावणार आहे. वोल्फगांगने बहिणीचं काही लाटलं, याला आधार नाही. तो तिच्यासाठी रचना पाठवत असे, तिचं कौतुक करत असे. लेओपोल्डही दुष्ट नव्हता. तो आर्चबिशपच्या पदरी नोकरी करणारा, कर्जाची धास्ती असलेला, हुशार, हिशेबी माणूस होता. दोन मुलं, एक बग्गी, मोजके पैसे. मुलाला कुठल्या तरी दरबारात पद मिळेल, त्यावर सगळं घर उभं राहील. मुलीला मिळणार नाही. मग पैसा कुणावर लावायचा?

हा हिशेब मला परका वाटत नाही, कारण तो मी आमच्या घरात पाहिला आहे. माझे आजोबा शहापुरातले विणकर. घरात दोन माग, त्यांचा खटखटाट पहाटेपासून. माझे वडील आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, दोघांना आजोबांनी हौसेने पेटी आणि गाणं शिकायला बसवलं. गुरुजी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी घरी येत. आत्याला चीज एकदा ऐकली की बसायची. वडिलांना ती चार दिवस घोकावी लागे. हे वडील स्वतः सांगत. आत्या तेरा-चौदा वर्षांची झाली आणि साडीचा धंदा बसला, त्या वर्षी आजोबा म्हणाले, “दोघांची फी आता जमायची न्हाई. पोरीच्या जातीला येवढं बस्स की.” गुरुजी येत राहिले. वडील पेटीपुढे बसत आणि आत्या मागच्या सोप्यात कांड्या भरत बसे. वडील सोळा-सतरा वर्षांचे होईपर्यंत शिकले, पुढे गल्लीतल्या भजनी मंडळाचे बुवा झाले, पंचक्रोशीत लोक त्यांना मान देत. आत्या निपाणीला दिली. गणपतीला माहेरी आली की वडील पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचे आणि विचारायचे, “आक्का, ह्या अंतऱ्यातली जागा कशी होती गं?” पोळ्या लाटता लाटता ती गाऊन दाखवायची. वर्षभराच्या शंका ते साठवून ठेवत. आजोबा आत्यावर जीव टाकत होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ती गेली तेव्हा वडील लहान मुलासारखे रडले. कुणीही वाईट नव्हतं. आणि तरीही ती थांबवली गेली होती.

माझी आत्या हिराबाई बडोदेकर झाली असती का? मला माहीत नाही, आणि माझ्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही. पण हिराबाईंचं नाव आलंच आहे, तर त्या चर्चेतला सगळ्यांत चांगला मुद्दा इथेच सांगतो. एक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले, “आपल्याच रेल्वेच्या वाटेवर, मिरजेला, याच्या नेमकं उलट घडलंय. सुरेशबाबू माने थोरले भाऊ, हिराबाई धाकटी बहीण. भावाने शिकवलं आणि बहीण भावाच्या कितीतरी पुढे गेली. तेव्हा बहीणच नेहमी मागे राहते हे कशावरून?” सभागृहात टाळ्या पडल्या, आणि त्या पडायला हव्याच होत्या. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची ही मुलं. आई वेगळी झाली तेव्हा तिच्याबरोबर आली आणि आईचं माने आडनाव लावू लागली. सुरेशबाबूंनी हिराबाईंना शिकवलं, पुढे त्या अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकल्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या स्त्रियांत त्यांचं नाव अगदी आधी घेतलं जातं. धाकट्या सरस्वती राणेही मोठ्या गायिका झाल्या. सुरेशबाबू मात्र लोकप्रियतेत मागे राहिले आणि १९५३ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, गेले.

पण नीट पाहा. सुरेशबाबूंच्या बाबतीत ‘झाकोळले’ हा शब्द मला चालेल. ते आयुष्यभर गात राहिले. त्यांच्याकडे लोक शिकायला आले, प्रभा अत्रे त्यांच्याकडेच घडल्या. जाणकार आजही त्यांचं नाव आदराने घेतात. कीर्ती बहिणीच्या वाट्याला जास्त आली, गाणं दोघांचंही चालू राहिलं. त्यांची पेटी कुणी बंद केली नाही, ‘आता हिराबाई गातेय, तुम्ही घर सांभाळा’ असं त्यांना कुणी म्हटलं नाही. नानेर्ल आणि सुरेशबाबू ही एकाच गोष्टीची दोन टोकं नाहीतच. एकावर सावली पडली, दुसरीच्या पायाखालची वाटच काढून घेतली. त्या शिक्षकांचं उदाहरण खरं तर माझीच बाजू भक्कम करतं: आईने मुलांना एका घरातून बाहेर काढलं, मुलींच्या गाण्याला वाट दिली, आणि मग बहीण कुठवर जाऊ शकते हे सगळ्यांनी पाहिलं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी बोलायला आपल्याला अवघड जातं. हिराबाई, गंगूबाई, मोगूबाई, केसरबाई या ज्या घरांतून आल्या त्या घरांना तथाकथित प्रतिष्ठित समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. आज टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याची खूण म्हणून उभी आहे. तिथे स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत बाराएक वर्षांच्या गंगूबाई होत्या. एवढ्या मोठ्या मांडवात गाण्यापेक्षा, आपल्या जातीमुळे जेवणाच्या वेळी आपल्याला कसं वागवतील याचीच धास्ती होती, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. म्हणजे ज्यांना गायची मुभा होती त्यांना पंगतीत मान नव्हता, आणि ज्यांना पंगतीत मान होता त्यांना गायची मुभा नव्हती. नानेर्ल या दुसऱ्या प्रकारच्या घरातली होती, माझी आत्याही. ‘आपल्याकडे तर बायका पूर्वीपासून गातात’ म्हणून छाती फुगवण्याआधी, कुठल्या बायका, कुठल्या घरातल्या आणि काय सोसून, हे आपण स्वतःला विचारलेलं बरं.

आता माझ्या मूळ म्हणण्याकडे येतो. नानेर्लच्या बाजूने बोलणाऱ्यांना वाटतं की ती प्रतिभावंत होती हे सिद्ध झालं की तिला न्याय मिळेल. या वाटेने कधी कधी खरंच काही सापडतं. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनच्या बहिणीला, फानीला, बापाने १८२० मध्ये लिहिलं होतं की संगीत हा तुझ्या भावाचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी तो केवळ दागिना राहील. तिची काही गाणी भाऊ फेलिक्सच्या नावाखाली छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यातलंच एक आवडीने गायलं, तेव्हा ते बहिणीचं असल्याचं त्याला कबूल करावं लागलं. तिचा एक सोनाटा १९७० मध्ये सापडला तोही भावाच्या नावावर खपला. हस्तलिखित तपासून तो तिचाच असल्याचं एका संशोधक बाईने २०१० मध्ये दाखवून दिलं. अशी शोधाशोध व्हायलाच हवी. पण न्याय याच एका खुंटीला टांगला तर काय होतं? जिच्या रचना सापडल्या तिच्यावर अन्याय झाला, जिच्या हरवल्या तिच्यावर झाला नाही. जी असामान्य तिला अडवणं पाप, जी बरी तिला अडवणं चालेल. भावांना आपण हा नियम लावतो का? गावोगावच्या भजनी मंडळांत, नाटक कंपन्यांत, पेटी-तबल्याच्या वर्गांत हजारो साधारण मुलं वर्षानुवर्षं बसली. ‘तू भीमसेन होणार असशील तरच बस’ असं त्यांना कुणी बजावलं? माझ्या वडिलांना कुणी बजावलं?

आपण सीमाभागातल्या मराठी माणसांनी तरी ही गोष्ट चटकन ओळखायला हवी. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण आपल्या भाषेची शाळा मागतो, आपल्या भाषेतला कागद मागतो. ती मागताना आपण असं म्हणतो का, की या शाळेतून मोठा साहित्यिक निघेल म्हणून शाळा द्या? नाही. मूल या भाषेत बोलतं, एवढं कारण आपल्याला पुरतं, आणि ते पुरायलाच हवं. ‘तुमच्या भाषेत असं काय मोठं लिहिलं गेलंय, ते आधी दाखवा’ असं कुणी म्हटलं तर आपलं रक्त तापेल. मग त्याच सभागृहात बसून एका मुलीकडे तिच्या रचनांचा हिशेब मागताना आपला आवाज इतका थंड कसा राहतो?

एक शेवटचा आक्षेप उरतो, तो एका वयस्क बाईंनी घेतला म्हणून मी तो जास्त गंभीरपणे घेतो. त्या म्हणाल्या, नानेर्लने कुठे तक्रार केली आहे? तिला संसार हवा असेल. बाईने प्रेमाने सोडलेली गोष्ट तुम्ही अन्याय म्हणून का मोजता? त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी देवासला शाळेत नोकरी करून घर चालवलं, त्यांची शुश्रूषा केली. त्या स्वतः देवधर मास्तरांकडे शिकलेल्या गायिका. त्यांनी मनापासून केलं, आणि तो आवाज आपल्याला परत मिळाला. त्यांच्या त्यागाला अन्याय म्हणून मी त्यांचा अपमान करणार नाही. पण निवड म्हणायची तर पुढे दोन वाटा दिसाव्या लागतात. नानेर्लपुढे दुसरी वाट १७६९ मध्येच बंद झाली होती. त्यानंतर तिने काय निवडलं यावरून तिला काय हवं होतं हे कळत नाही. एवढं मात्र कळतं, की सांक्ट गिल्गेनच्या त्या दमट घरात, पाच सावत्र आणि पुढे स्वतःच्या मुलांच्या गराड्यातही, ती वाजवत राहिली. तिथल्या हवेने वाद्य सारखं बिघडे. त्याच्या दुरुस्तीचा विषय बापलेकींच्या पत्रव्यवहारात येतो. ज्याला मनातून सोडून दिलं आहे त्याच्या दुरुस्तीसाठी कुणी एवढा जीव काढत नाही.

त्या संध्याकाळी छत्र्या उघडत सगळे बाहेर पडत असताना वडगावच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. त्यांची मुलगी गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते, प्रवेशिका झाली, आता मध्यमा. पुढच्या वर्षी दहावी आहे म्हणून घरात गाण्याचा वर्ग बंद करायचं चाललं होतं. धाकट्या मुलाचा तबला चालू राहणार होता, त्याची दहावी अजून लांब आहे म्हणून. मी विचारलं, त्याची दहावी येईल तेव्हा त्याचाही बंद करणार का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, एक करू का? गुरुजींनाच विचारते, पोरीत खरंच तेवढं आहे का. असलं तर चालू ठेवू.”

मी म्हटलं, “ते नका विचारू. तिचा वर्ग किती वाजता असतो?”

“मंगळवारी आणि शुक्रवारी,” त्या म्हणाल्या. “साडेपाचला.”